हातगुणाची बदली

आंधळगावात बारसं असो की सत्कार, मांडव कुठे घालायचा हे मला विचारल्याशिवाय ठरत नाही. बढाई नाही मारत, कोणालाही विचारून पाहा! त्यामुळे आमच्या डॉक्टर टेकचंद गभणेंचा निरोप समारंभ मीच करणार, हे ठरलेलंच होतं. शिवाय मी, डोमा निंबार्ते, त्यांचा एकतीस वर्षांपासूनचा कंपाउंडर!

अडचण एकच होती. साहेब दवाखाना सोडून नागपूरला लेकीकडे राहायला चालले होते आणि त्यांच्या खुर्चीवर दामिनी पडोळे नावाच्या नव्या डॉक्टरीणबाई बसणार होत्या. बाई हुशार, पण वय अठ्ठावीस. आठवडाभर त्या साहेबांच्या शेजारी बसल्या, त्यांच्याकडे एक पेशंट फिरकला नाही! शेवटी म्हणाल्या, "काका, लोकांना मला दाखवायचंच नसेल तर मी भंडाऱ्याला नोकरी धरते."

म्हणजे दवाखान्याला कुलूप. साध्या तापासाठी गावाने मोहाडी गाठायची आणि मी घरी बसून बायकोची बोलणी खायची!

"काळजी नोका करू मॅडम," मी म्हणालो. "शनिवारपर्यंत टाइम द्या मले."

आमच्याकडे लोकांचा ठाम विश्वास आहे की औषध सगळीकडे सारखंच, गुण असतो तो डॉक्टरच्या हाताला. साहेबांनी नुसती नाडी धरली तरी अर्धा ताप उतरतो म्हणे. मग हा हातगुणच सर्वांसमक्ष मॅडमना देऊन टाकला तर? कन्यादानात सोडतात तसं साहेबांच्या हातावर पाणी सोडायचं, ते मॅडमच्या ओंजळीत पडलं की काम फत्ते!

"डोमा, हा येडपटपणा आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, पोरगी टिकली पायजे का नाही?"

साहेबांनी हात टेकले. मी लगेच गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'शनिवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरसाहेब आपला हातगुण नव्या मॅडमना देणार. सर्वांनी यावे.'

शनिवारी सात वाजता दवाखाना उघडायला गेलो, तर रांग थेट मारुतीच्या देवळापर्यंत! करडीचे लोक तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले होते.

"अबे, कार्यक्रम अकराले आहे ना!" मी ओरडलो.

"म्हणूनच तं आलो!" सगळ्यात पुढे उभा असलेला धनीराम म्हणाला. "अकरानंतर साहेबाच्या हातात काय राह्यते? जे दाखवाचं ते आत्ताच दाखवून घेतो!"

घ्या! धनीरामने दोन वर्षं दुखणारा गुडघा आणला होता. सीताबाईला काहीच होत नव्हतं, पण तिला पावसाळ्यात येणारा खोकला आजच काढून टाकायचा होता. कैलाशने रोपं टाकायला ठेवलेलं बियाण्याच्या धानाचं पोतं साहेबांच्या टेबलावर आदळलं. "फक्त हात लावून द्या जी, पऱ्हे चांगले येतीन." त्याच्यामागे कोणाची तरी बकरी होती. मालनबाई तर भांडायलाच आली. "हातगुण त्या बाईले कायले देता? आमच्या जावयाले द्या, त्याचं औषधाचं दुकान आहे!"

निरोपासाठी नवा कोरा सफारी घालून आलेले साहेब चार तास लोकांच्या जिभा पाहत होते. सुया संपल्या, गोळ्या संपल्या, बकरीसुद्धा तपासून झाली! साहेब अधूनमधून माझ्याकडे असे पाहत होते की जणू मीच त्यांचा ताप आहे.

अकरा वाजता मी पितळेची भरलेली घागर उचलली. वाकलो आणि साहेबांच्या हातावर धार सोडली. पाणी मॅडमच्या ओंजळीत पडलं, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्याच क्षणी माझ्या कमरेत कट्टकन आवाज झाला!

घागर कोणीतरी धरली, पण मी वाकलेलाच राहिलो. लोकांना वाटलं, मी मॅडमना नमस्कार करतोय. मग सगळी सभा वाकली! सभा सरळ झाली, मी मात्र तसाच.

खरा घोटाळा त्यानंतर झाला. साहेब निरोप घ्यायला दवाखान्याच्या ओट्यावरून खाली उतरले. मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या, बाकीचं मागाहून कळलं. त्यांनी धनीरामच्या खांद्यावर हात ठेवायला जावं, तर धनीराम मागे सरकला.

"राहू द्या साहेब, आता कायले तसदी!"

रिकामा हात लागू नये म्हणून मालनबाईने कडेवरचा नातू पदराआड घेतला. सगळे चार हातांवरून नमस्कार करत होते. ज्या हाताने अर्धं गाव जगवलं, त्या हाताला कोणी शिवेना! चपला एक पाऊल मागे गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दोन अनवाणी पाय पुढे आले. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या निर्मलाबाई होत्या.

"आना इकडे हात," त्या म्हणाल्या.

"आजी, आता गुण नाही राहिला त्याच्यात," साहेब म्हणाले.

"नसू दे ना. मले कोणता ताप आहे? छत्तीस वर्षं तुम्ही माही नाडी धरली. आज मी तुमची धरतो."

अनवाणी पाय चपलांना जाऊन भिडले. साहेबांनी नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. मग मात्र धनीराम धावला, मालनबाई धावली, त्या हातासाठी झोंबाझोंबी झाली. माझेही डोळे भरले. वाकलेलो असल्यामुळे पाणी थेट जमिनीवर पडलं.

इकडे मॅडम ओल्या हाताने खुर्चीवर बसून होत्या. समोर एक माणूस नाही! असणार कसा? सगळ्या गावाने सकाळीच उपचार करून घेतले होते. एक वाजता साहेब गाडीत बसले. मी वाकत वाकत खिडकीशी गेलो.

"साहेब, जाता जाता तेवढी कंबर पाहून घ्या ना!"

साहेबांनी दोन्ही हात झटकन काखेत घातले. "माह्याजवळ काय आहे, डोमा? पाणी तं तूच सोडलं!"

गाडी गेली. सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं. दारात मॅडम उभ्या होत्या, स्वतःच्या बॅगेतली सुई भरून.

"चला काका, नंबर एक."

आता पळणार कुठे? गेलो. आणि असा बोंबललो म्हणून सांगू, मारुतीच्या देवळावरची कबुतरं उडाली! आमच्याकडे जी सुई दुखत नाही तिला कोणी औषध मानत नाही.

"लय जोरदार सुई आहे बाप्पा!" बाहेर धनीराम म्हणाला आणि लगेच गुडघा धरून माझ्यामागे उभा राहिला. त्याच्यामागे सीताबाई. सोमवारपर्यंत रांग पुन्हा देवळापर्यंत!

दवाखाना वाचला, योजना माझीच होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण मंडळी, एक माफी मागायची आहे. एकतीस वर्षं मी प्रत्येक पेशंटला सांगत आलो, "काही नाही होत, मुंगी चावल्यासारखं वाटते!"

मुंगी नसते हो ती!