हलक्या माउसची सर्वांगीण तपासणी

लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं मला एकच ताकीद दिली होती. "त्या घरात स्वतःसाठी काही आणलंस तर आधी वापर, मग दाखव." मी हसले. बी.एस्सी. ॲग्री झालेल्या मुलीनं आईच्या ताकिदीवर हसायचंच असतं. अभ्यासक्रमात तशी तरतूद आहे.

घरात येणारी कोणतीही वस्तू आधी घराची होते आणि मग, सवड उरली तर, जिनं मागवली तिची होते. हा नियम मिक्सरला लागू आहे, मोबाइलला लागू आहे आणि वायरवाल्या, वजनानं हलक्या गेमिंग माउसलाही लागू आहे, हे आमच्या पाथर्डी फाट्यावरच्या घरी नुकतंच सप्रयोग सिद्ध झालं.

'गेमिंग' वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या त्यांच्यासाठी खुलासा. मी गेम खेळत नाही. (दीड वर्षाच्या मुलीच्या मागे ताटली घेऊन धावणं खेळात धरत असतील तर माझं नाव राज्य पातळीवर कळवायला हरकत नाही.) मला एका कंपनीनं चाचणी म्हणून काम दिलं होतं. द्राक्षाच्या पानांचे दोनशे फोटो. पानांवर डावणी आणि भुरी या रोगांचे डाग. प्रत्येक डागाभोवती कॉम्प्युटरवर बारीक रेघ ओढायची, म्हणजे पुढे कॉम्प्युटर स्वतःच रोग ओळखायला शिकतो. शनिवारी संध्याकाळपर्यंत दोनशे पानं नीट झाली तर नोकरी पक्की. तीही घरी बसून, दिशा झोपेल तेव्हा. दिशा म्हणजे वर सांगितलेली मुलगी.

अडचण माझ्या उजव्या हाताची होती. दिशाला उचलून उचलून अंगठ्याच्या बुडाशी मनगट असं धरलं होतं की लॅपटॉपच्या पट्टीवर बोट फिरवलं तरी कोपरापर्यंत कळ जायची. डॉक्टर म्हणाले, "मूल उचलणं कमी करा." हे त्यांनी दिशाला समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मूल हलकं होत नाही, निदान माउस तरी हलका घेऊ, असा मी विचार केला.

वायरवालाच का, हेही सांगते. बिनवायरच्या माउसमध्ये सेल असतो आणि सेल ही वस्तू मुलांनी गिळण्यासाठीच बनवलेली आहे. वायर मूल गिळत नाही. गळ्याभोवती गुंडाळून घेऊ शकतं, पण ते आपल्याला दिसतं. दोन धोक्यांपैकी जो डोळ्यांना दिसतो तो घरात आणावा, या तत्त्वावर मी संपूर्ण संसार उभा केला आहे.

सोमवारी माउस आला आणि दार नानांनी उघडलं.

नाना म्हणजे माझे सासरे. अंबडच्या एका स्प्रिंगांच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी माल तपासण्यात गेली. ते निवृत्त झाले, तपासणी झाली नाही. निरोप समारंभाहून लोक शाल आणतात, भिंतीवरचं घड्याळ आणतात. नानांनी पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला. ज्या मालाचा निकाल व्हायचा आहे त्याला ही चिठ्ठी बांधतात आणि निकाल होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नसतो. आमच्या नव्या फ्रिजला ती तीन दिवस होती. (दूध बाहेर पातेल्यात होतं. त्याचा निकाल आधी लागला.) मी या घरात आले तेव्हा मला चिठ्ठी बांधली नव्हती, असं माझा नवरा नवनाथ शपथेवर सांगतो. पदराची मागची बाजू मी त्या दिवशी पाहिलेली नाही.

"नाना, मला दुपारी लागेल तो," मी म्हटलं.

"लागेल ना. पण आल्या आल्या माल लायनीवर घेत नसतात, सुवर्णा. खोक्यावर लिहिलंय साठ ग्रॅम. खोक्यावर काय, वाट्टेल ते लिहितील."

साठ ग्रॅमची शहानिशा करायला माउस खाली भाजीवाल्या फुलाबाईंच्या काट्यावर गेला. तिथे मूलभूत प्रश्न उभा राहिला, वजन वायरीसकट धरायचं की वायरीशिवाय.

"वायर वर धरू का सोडू, नाना?" फुलाबाई म्हणाल्या.

"आधी धर. मग सोड."

धरून अठ्ठावन्न भरलं, सोडून शंभराच्या आसपास. फुलाबाईंनी माउस उलटासुलटा केला. वजन कमी व्हावं म्हणून या माउसच्या पाठीला जाळीसारखी भोकं पाडलेली असतात.

"लय हलकं हाय हो. पर भोकं बघा किती! भेंडी अशी निघाली असती तर म्या मार्केटात परत केली असती."

या तज्ज्ञ अभिप्रायानंतर पिवळी चिठ्ठी बांधण्यावाचून नानांना गत्यंतर राहिलं नाही. मी लॅपटॉपच्या पट्टीवरच कामाला बसले. दहा पानं झाली की हात थंड पाण्यात, मग पुढची दहा.

मंगळवारी नवनाथनं माउस 'कार्यभाराच्या चाचणीसाठी' ताब्यात घेतला. नानांनी त्याला तेवढी सूट दिली, कारण तो एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे आणि खरेदीवाल्यांना तसंही कुणी अडवू शकत नाही, असं नाना म्हणतात.

"तू खेळतोयस," मी म्हटलं.

"खेळत नाहीये गं! नवीन चप्पल कशी आधी कुणीतरी घालून सैल करतं? तुझ्यासाठीच करतोय."

"चप्पल सैल झालीये का?"

"थांब, मागून एक येतोय."

मागून येणारे मंगळवारी आणि बुधवारी मिळून बरेच निघाले. निष्कर्ष असा, की गेमसाठी हा माउस उत्कृष्ट आहे. बाण क्षणात हवा तिथे पोहोचतो, वायर बुटाच्या नाडीसारखी मऊ असल्यामुळे हाताला ओढत नाही आणि मनगटावर अजिबात ताण येत नाही. हे नवनाथनं स्वतःचं मनगट गोल फिरवून दाखवलं. (त्याचं मनगट आधीही दुखत नव्हतं. दुखत नसलेल्या मनगटांपैकी शंभर टक्के मनगटांना या माउसनं आराम पडला आहे.)

तोवर मी डाव्या हातावर आले होते. डाव्या हातानं डागाभोवती काढलेली रेघ नाशिक जिल्ह्याच्या नकाशासारखी येते. सुरगाण्याकडे फुगते, निफाडकडे आत जाते. पुसायची आणि पुन्हा काढायची.

पाहुण्यांना दाखवण्यासाठीही माउस उत्तम ठरला. नानांचे ओझरचे मित्र देवरामकाका आले, त्यांनी आतले रंगीत दिवे पाहिले आणि विचारलं, "हे दिवे कशाला?" नानांनी उत्तर दिलं, "ते तपासायचंय अजून." दोघांनी मिळून दिवे पाहिले. चहा दोनदा झाला. चहा कुणी केला हा या तपासणीच्या कक्षेबाहेरचा विषय आहे.

गुरुवारी दुपारी दिशा झोपली आणि नानांनी गंभीरपणे चिठ्ठी सोडली. "पास. घे." मी माउस हातात घेतला. खरंच हलका होता. अंगठा ठेवला तरी कळ आली नाही. साठेक पानं झाली होती, पण या माउसनं बाकीची शनिवारपर्यंत सहज झाली असती.

"थांब," आई म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. "नवं हत्यार आहे. कोरं कसं वापरशील?"

आमच्या घरी कोणतंही साधन कुंकू लावल्याशिवाय वापरात येत नाही. नवनाथच्या गाडीला लागलं आहे, बोअरच्या मोटारीला लागलं आहे, पोळ्यांच्या तव्याला लागलं आहे. आईंचं माहेर वणीचं, त्यामुळे देवीच्या गडावरचं कुंकू घरात बारा महिने असतं. त्यांनी माउस पाटावर ठेवला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर झेंडूची पाकळी. मग हात जोडून पुटपुटल्या, "माझ्या सुनेच्या हाताला आराम पडू दे, माय."

सोमवारपासून त्या माउसचं वजन झालं होतं, वायर झाली होती, दिवे झाले होते. हात हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा निघाला.

हळद, कुंकू आणि अक्षता, सर्व वस्तू भोकांतून आत गेल्या. बोअरच्या मोटारीला पाठीवर भोकं नसतात, त्यामुळे या शक्यतेचा विचार आजवर कुणी केलेला नव्हता. मी माउस लावला. स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी घुमू लागला, अंगात आल्यासारखा. डावं बटण दाबेना, खाली तांदूळ अडकला होता.

"तरी मी होल्डवर ठेवला होता," नाना म्हणाले, आणि चिठ्ठी परत बांधली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी नातीच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

आई पदरानं माउस पुसत राहिल्या, त्यामुळे उरलंसुरलं कुंकूही आत गेलं.

शुक्रवारी दुरुस्तीवर चर्चा झाली. नवनाथचं मत, उघडला तर वॉरंटी जाईल. नानांचं मत, वॉरंटीवाल्याला काय सांगणार, तांदूळ कसे गेले? दोन्ही मतं बिनतोड असल्यामुळे कुणीच काही केलं नाही. फक्त नवनाथनं माउस कानापाशी धरून हलवला आणि आतल्या अक्षता वाजल्या.

दिशा दुडुदुडु धावत आली, बसली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

इथे मला प्रांजळपणे नमूद केलं पाहिजे, की बाजारातल्या कोणत्याही खुळखुळ्याला या माउसची सर येत नाही. वजन अठ्ठावन्न ग्रॅम, म्हणजे डोक्यावर आपटला तरी टेंगूळ नाही. तोंडात मावत नाही. जी मुलगी दहा मिनिटं एका जागी बसत नाही ती तासभर बसली. वायरीचा मात्र मला घोर होता.

"वायर मी धरते," आई म्हणाल्या. "तू बस तुझ्या पानांना."

आणि शुक्रवारची दुपार, शनिवारची सकाळ, आई वासराचं दावं धरावं तशी वायरीचं टोक धरून बसल्या. दिशा अक्षता वाजवत राहिली आणि मी डाव्या हातानं दोनशेवं पान संध्याकाळी पाचला पाठवलं. तेव्हा हा माउस नोकरीच्या कामी अत्यंत उपयुक्त आहे, फक्त तो लॅपटॉपला जोडू नये.

सोमवारी कंपनीतून भाग्यश्री नावाच्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, अभिनंदन, एक तारखेपासून जॉइन व्हा. डाग छान ओळखलेत. फक्त रेघ थोडी हलतेय, ते आम्ही धरलं नाही. पण तुम्ही एखादा हलका माउस का नाही घेऊन बघत?"

मी "बघते" म्हटलं.

घरात आनंदीआनंद झाला. नानांनी पिवळी चिठ्ठी काढली आणि माउस 'सुनेच्या कामासाठी योग्य' असल्याचा अंतिम निर्णय दिला. नवनाथ म्हणाला, "मी सैल करून दिला होता म्हणून." आई गडाकडे तोंड करून नमस्कार करत्या झाल्या आणि मग कुकर उतरवायला गेल्या. मी मागोमाग गेले, कारण गरम कुकर आणि दिशा या दोन गोष्टी एका खोलीत असल्या की मी तिसरी असते.

आईंनी कुकर डाव्या हातानं उतरवला. वायरही त्यांनी दोन दिवस डाव्याच हातानं धरली होती.

"आई, उजव्याला काय झालंय?"

"त्याला काय होतंय. काही नाही."

"आई."

"अगं, नवनाथच्या वेळेपासून धरलाय तो. लय जाड होतं कार्टं, खालीच उतरायचं नाही. आता काय त्याचं? सवय झाली."

"नानांना माहितीये?"

आई हसल्या. "त्यांनी कधी चिठ्ठी बांधली नाही बाई."

आम्हा दोघींची डॉक्टरांची वेळ बुधवारची आहे. नाना सोबत येणार आहेत. डॉक्टरांना काय काय विचारायचं, याची त्यांनी तयारी सुरू केली आहे.

हे इथपर्यंत वाचून तुमच्यापैकी शेकडा नव्वद जणांना एकच विचारायचं असेल, की माउस कुठला? जरूर सांगेन. फक्त त्याआधी एकदा उठा, तुमच्या स्वयंपाकघरात जी कुणी असेल तिच्यापाशी जा, आणि ती कुकर कोणत्या हातानं उतरवते तेवढं बघून या. "काही नाही" म्हणाली, तर परत फिरू नका. पुन्हा विचारा.