दौलूनानांपुढं ‘आ’

आमच्या उंब्रजला कुणाचंही पोर दिसलं, की दौलूनाना नाव विचारायच्या आधी म्हणायचे, "आ कर." पाहुण्यांची पोरं बिचारी आईच्या पदरात शिरायची. नाना पलटणीत खेचरं सांभाळून पेन्शनीत आलेले. खेचरांचे दात बघून वय सांगण्यात जन्म गेला. गावात खेचरं कुठली, मग आले पोरांवर!

पण चेष्टा नको. बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. शाळेत घालताना पोराची जन्मतारीख कुणाला ठाऊक? "ऊस तुटत होता तवा झाला," एवढंच आयांना आठवायचं. गुरुजी डोक्यावरनं हात नेऊन कान धरायला लावायचे, आणि तरी शंका आली की पोर नानांकडे धाडायचे.

नाना बोट धुऊन दाढ चाचपायचे. "मागली दाढ आली, सा वर्सं सरली. दात खोटं बोलत न्हाईत, वैनी." मग गूळ-शेंगदाणे. माझ्या सुमीनं तर कडकडून बोट चावलं. नाना खूश! "खेचराच्या लाथा खाल्ल्यात म्या!"

पण सुमीचा निकाल काही देईनात. "दाढ अजून हिरडीत हाय. आठ दिसांनी आणा." आठ दिवसांनी गेले, तर "अजून वाईच." तिसऱ्यांदाही तेच. इकडं शाळा भरायला आलेली, गुरुजी नाव घालेनात. पोरीचं वर्ष वाया जाणार म्हटल्यावर माझं डोस्कंच फिरलं. सुमीचं तोंड मीच उघडून बघितलं. दाढ चांगली वर आलेली!

तशीच तिला ओढत नेली. "आवं नाना, आंधळं झालासा काय? ही दाढ न्हाई तर काय हाय?"

नाना स्टोव्हवर चहा करत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक मुंबईला, दिवाळीलाही फिरकत नव्हता. खाली मान घालून म्हणाले, "पयल्याच दिशी दिसली व्हती."

"मग?"

"लगीच सांगितलं असतं, तर परत आला असता व्हय तुमी? दाढ बघून झाली की कोन येत न्हाई, वैनी."

ओठावर आलेली शिवी मी गिळली. लय वाईट वाटलं मला.

म्हटलं, "नाना, सुमीचं उद्या सांगून टाका गुरुजींना. तिच्या पाठचा बाळू हाय. त्याला आणत जाईन."

"कितीचा हाय?"

"धा म्हयन्याचा."

नानांनी सुमीपुढं गूळ-शेंगदाण्यांची बशी सरकवली. "मंजी पाच वर्सं यावं लागंल तुमास्नी."