मालाला चालेल, माणसाला नाही

सुपडू आप्पांना भेटायला गेलं की आधी त्यांचे पाय दिसायचे. ट्रॅक्टरचा मागचा मोठा टायर भिंतीला टेकवून उभा केलेला असायचा आणि त्याच्या पोटात आप्पा शिरलेले असायचे. तोंडात बॅटरी, डोकं रबराच्या घळीत, बाहेर दोन काटक्यांसारखे पाय आणि त्यातल्या एकातच चप्पल. हाक मारली की बॅटरी हातात घेऊन आतून उत्तर यायचं, "थांब रे भो, मी मझार शे." मझार म्हणजे आत. आप्पा आत असताना गिऱ्हाईक थांबायचं, शेठ थांबायचा, दुपारचा चहाही थांबून गार व्हायचा.

हे सुरतेच्या उधन्यातलं जुन्या टायरांचं गोदाम. खेड्यापाड्यांतून झिजलेले, उन्हाने तडकलेले, फाळाने कापलेले टायर तिथे यायचे. त्यातला कुठला पुन्हा चालेल आणि कुठला भंगारात जाईल, हे आप्पांनी सांगायचं.

खरं तर आप्पा टायरवाले नव्हतेच. धुळ्याकडून तरुणपणी सुरतेला आले आणि तीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यांत कापडाचे ताके तपासले. कुठे धागा तुटलाय, कुठे वीण सैल पडलीय, ते बोट फिरवून सांगायचे. चष्म्याचा नंबर वाढला तसा मालकाने नारळ दिला. नारळसुद्धा दिला नाही, नुसतंच उद्यापासून येऊ नका म्हणाला. मग आप्पा टायरांकडे वळले आणि तिथेही त्यांनी कापडच पाहिलं.

"टायर म्हंजे बी कापडच, भो," ते सांगायचे. "वरतून रबर चोपडेल शे, बस. वजन रबर नही उचलत. वजन दोरा उचलस."

म्हणून त्यांना वरच्या नक्षीत रस नसे. नक्षी झिजली तर झिजली. ते बाजूच्या भिंतीवरची भेग नखाने उघडून बघायचे. नुसती रबराची भेग असली तर पुढे जायचे. भेगेत दोरा दिसला की मान हलवायचे. कुठे फुगवटा असला तर त्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे, वैद्याने नाडी बघावी तसे. फुगवटा म्हणजे आतले दोरे तुटलेत. आतल्या अंगाला सुरकुत्या असल्या तर म्हणायचे, "ह्याले बिगर हवाना पळवेल शे कोणी. पाप करेल शे." कडेची तार गंजली असली तर काहीच म्हणायचे नाहीत, नुसते थुंकायचे.

मग खडू निघायचा. आप्पांचे निकाल तीनच. 'शेत', 'माल' आणि 'माणूस'. ज्या टायरवर 'शेत' लिहिलं तो नांगराला जाईल. फुटला तर चिखलात बसेल. 'माल' लिहिलेला विटा, वाळू ओढेल, तेही हळू. 'माणूस' हा शब्द मात्र आप्पांच्या खडूतून फार क्वचित उतरायचा. उरलेल्यांवर नुसती फुली.

शेठला हे नखरे वाटायचे. "आप्पा, चालशे! ट्रॅक्टरने शी खबर, उपर ईंट छे के माणस?"

"ट्रॅक्टरले नही माहीत," आप्पा म्हणायचे. "माले माहीत शे."

शेठ हसायचा. आप्पा घरी गेले की ओल्या फडक्याने खडू पुसायचा आणि टायरला काळं पॉलिश मारायचा. पॉलिश मारलं की टायर नव्या नवरदेवासारखा दिसतो आणि नवरदेवाला दोष विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

मी तेव्हा कामगारांच्या एका लहानशा मंडळासाठी पत्रकं लिहायचो. आप्पांना प्रत्येक पत्रक नेऊन द्यायचो. ते कागद उजेडाकडे धरायचे, अंगठ्याने चोळायचे आणि परत द्यायचे. "इथे शाई उडेल शे. कागद बी बारीक शे तुना." आत काय लिहिलंय ते त्यांनी एकदाही वाचलं नाही. मी चिडून म्हणायचो, "आप्पा, तुम्ही खडूने लिहिता आणि शेठ पुसतो. याला काम म्हणायचं का?" ते म्हणायचे, "पुसस तो. मी फिरी लिखस." यात कसलीही लढाई मला दिसत नव्हती. मला लढाई ओळखता यायची ती फक्त मोठ्या टायपात.

मग ती सकाळ आली. बमरोलीच्या नाक्यावर मी पत्रकं वाटत होतो. ठेकेदाराचा ट्रॅक्टर माणसं भरून उभा होता. शहराबाहेर कुठे इमारतींचं काम चाललं होतं, तिथे रोज तिसेक माणसं ट्रॉलीतून जायची. ट्रॉलीत जागा संपली की बायका ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसायच्या, थेट चाकाच्या वर. आप्पा डबा घेऊन गोदामाकडे निघाले होते. चालता चालता थांबले. मागे आले. उजव्या चाकाशी वाकले, पॉलिशवरून बोट फिरवलं, फुगवट्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

डोळे उघडले आणि ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन रस्त्यावर मांडी घालून बसले.

"ओ काका, हटो!" ड्रायव्हर ओरडला.

"हाऊ टायर मना देखेल शे," आप्पा म्हणाले. "मी ह्यावर 'माल' लिखेल व्हतं. मालले चालस. माणूसले नही चालस. सगळा उतरा."

कोणी उतरलं नाही. मला वाटलं होतं, आता ठिणगी पडेल. मी दगडावर चढून बोलायला लागलो. माणसाचा जीव, ठेकेदाराची हाव, जे काय होतं ते सगळं बोललो. मडगार्डवर इंदूबाई बसली होती, जालन्याकडची, पदराखाली लेकरू पीत होतं. ती म्हणाली, "ए पत्रकवाल्या, हाजरी जाती आमची. तू लिवनार हायस का आमची हाजरी?"

मी दगडावरून खाली उतरलो. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे लिहायला सोपं असतं. त्या भगिनीने वर मान करून प्रश्न विचारला की पुढचा मजकूर सापडत नाही.

"म्हातारबा, सरका की!" ट्रॉलीतून आवाज आला. "मरायचं तं आमाला हाय ना? तुमचं काय जातंय?" लोक हसले. ज्यांच्यासाठी आप्पा धुळीत बसले होते, तेच हसले. शिव्याही दिल्या. त्यांच्यावर रागावायचा हक्क मला नव्हता, पण राग आला.

आप्पा उठले. धोतर झटकलं आणि इंदूबाईपाशी गेले. "बेन, तू ट्रॉलीमा जाय." तिला वाटलं म्हातारा अजून काही तमाशा करणार, म्हणून ती कटकट टाळायला ट्रॉलीत दाटीवाटीने शिरली. आप्पा तिच्या जागी, त्या चाकाच्या वर, चढून बसले.

"चाल आते," ते ड्रायव्हरला म्हणाले. "धीरे."

गोदामात त्या दिवशी खाडा झाला. ट्रॅक्टर अडवल्याचं शेठच्या कानावर गेलंच होतं. दुसऱ्या दिवशी शेठने निरोप पाठवला, कल से मत आना. आप्पा तसेही जाणार नव्हते. ते नाक्यावर आले होते.

दोन महिने हे चाललं. रोज सकाळी आप्पा डबा घेऊन यायचे, मडगार्डवर बसायचे, जाताना प्रत्येक थांब्याला उतरून टायरला हात लावायचे, ऊन वाढलं की हवा थोडी कमी करायला लावायचे, खड्डा आला की ड्रायव्हरच्या पाठीत गुद्दा घालायचे. दिवसभर साइटवर सावलीत बसून राहायचे आणि संध्याकाळी त्याच चाकावर परत. "आप्पा, तिकीट काढलं का?" लोक विचारायचे. कोणी त्यांना कंडक्टर म्हणायचं, कोणी टायरचा सासरा. मुकादम म्हणायचा, फुटला तर पहिला म्हाताराच उडेल, आपल्याला सूचना मिळेल.

मी त्या टायरवर दोन पत्रकं काढली. पहिल्याला ठेकेदाराने डिझेलचे हात पुसले. दुसऱ्याच्या वेळी आमच्या मंडळाने ठराव केला की आधी रीतसर अर्ज द्यावा. अर्ज कोणाला द्यायचा यावर दोन बैठका झाल्या. तेवढ्या वेळात आप्पा साठ-सत्तर वेळा त्या फुगवट्यावर बसून आले होते.

टायर शेवटी बदलला, पण आमच्यामुळे नाही. गणपती आले. ठेकेदाराच्या सोसायटीची मूर्ती मोठी होती आणि ती आणायला त्याचाच ट्रॅक्टर जाणार होता. दोन दिवस आधी, कामाला सुट्टी होती तेव्हा, तो स्वतः नाक्यावर आला, आयुष्यात पहिल्यांदा आप्पांशी हात जोडून बोलला. "आप्पा, बाप्पाला बसवायचं आहे. चालेल ना टायर?"

मी आप्पांच्या कानाशी लागलो. "नाही म्हणा. बाप्पा पडतील म्हणा. एवढं एकदा खोटं बोला."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी ताक्यात सिगारेटचं भोक पाडलंय. मग विचार करून ठेकेदाराला म्हणाले, "देव मोठा शे. पण मूर्ती म्हंजे माल. मालले चालस."

मी डोक्याला हात लावला. पण ठेकेदाराचा चेहरा उतरला होता. देवाला माल म्हटलेलं त्याला सोसलं नाही. त्याच दुपारी नवाकोरा कंपनीचा टायर आला. तीस माणसांसाठी दोन महिन्यांत जे झालं नाही, ते एका मूर्तीसाठी दोन तासांत झालं. काढलेला टायर शेठकडे परत गेला. त्याला पुन्हा पॉलिश बसलं असेल आणि कुठल्यातरी गावाला कुठल्यातरी माणसांखाली तो आजही फिरत असेल.

संध्याकाळी मी बातमी सांगायला आप्पांच्या खोलीवर गेलो. बमरोलीतच, एका चाळीत. एक खाट, एक स्टोव्ह, एक ताट. आप्पांची बायको वारलेली. मुलगा कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात, दिवाळीला येतो. त्याची पोरं गुजरातीत बोलतात आणि आजोबांच्या अहिराणीला हसतात. मी म्हणालो, "आप्पा, जिंकलो आपण."

"बरं झालं," ते म्हणाले. खडू बोटात फिरवत बसले. मग विचारलं, "मंग सकाय त्या सगळा जातीन ना? सात वाजता?"

"जातील की. आता काळजी नाही."

"हा," आप्पा म्हणाले. "आते काय काळजी."

सकाळी सातला ट्रॅक्टर उभा होता. इंदूबाई लेकरू घेऊन मडगार्डवर बसली होती. आप्पा आले, हातात डबा. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. नव्या टायरवर रबराची बारीक कुसं अजून तशीच होती, बाळाच्या जावळासारखी. आप्पा वाकले. बाजूने हात फिरवला, कड चाचपली, तळहात ठेवून डोळे मिटले. फार वेळ मिटले.

"काय आप्पा," ड्रायव्हर म्हणाला, "आता तरी माणूस ना?"

आप्पांनी खिशातून खडू काढला. धरला. परत ठेवला.

"मझार काय शे, कोणले माहीत," ते टायरकडे बघतच म्हणाले. "माले जरा शंका शे. दोन-चार दिन देखनं पडी."

कोणी हसलं नाही. त्या टायरमध्ये शंकेला जागा नव्हती, हे ट्रॉलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. ज्या माणसाने देवाच्या नावानेही टायरबद्दल खोटं बोलायला नकार दिला, तो आमच्या सगळ्यांदेखत, खाली मान घालून खोटं बोलत होता.

इंदूबाई उठली. लेकरू खांद्यावर टाकून ट्रॉलीत चढली. "बसा आप्पा," ती म्हणाली. "शंका हाय तं बसायलाच पायजे."

आप्पा चढून बसले. डबा मांडीवर घेतला.

ट्रॅक्टर निघाला. टायर नवा होता, रस्ता मोकळा होता, पण नजरेआड होईपर्यंत ड्रायव्हरने तो दुसऱ्या गियरच्या वर नेला नाही.