वाकळेच्या पायताला कोण?

नळावर सात-आठ बायका होत्या. त्यांच्यादेखत अंबूबाईंनी सांगून टाकलं, "आठ दिसांत वाकळ शिवून घडी घालून ठेवीन. माझ्या नातवाला बाजारची रजई? आज्जीचं हात काय मोडल्यात?"

आता त्यांना कुणी काही विचारलं होतं का? नव्हतं. पण बाईंचं डोकं सकाळपासून तापलेलं. मलकापूरच्या विहीणबाईंनी, म्हणजे बयाबाईंनी, यष्टीच्या कंडक्टरकडं निरोप दिला होता. 'पुढच्या शुक्रवारी सुनंला नि नातवाला न्यायला येणार. हिकडं थंडी लई हाय. वाकळ झाली नसंल तर सांगा, येताना रजई घिऊन येऊ.' एवढाच निरोप. बाळंतपणाला माहेरी आलेल्या शालूला त्यात सासूची माया दिसली. तिच्या आईला मात्र 'झाली नसंल तर' तेवढंच ऐकू आलं. वाकळ झाली नाही, असं त्या बाईपुढं कबूल करायचं? त्यापेक्षा पंचगंगेत उडी घेतलेली बरी, असं त्या दिवसभर भांड्यांना ऐकवत होत्या.

बाळाची वाकळ घराघरांतल्या तुकड्यांची असली की बाळाला लाभते. म्हणून अंबूबाई पिशवी घेऊन गल्लीभर फिरल्या. अकरा घरांतनं अकरा तुकडे मिळाले. तानाबाईंनी नवऱ्याच्या पटक्याचा तुकडा दिला. हंबीररावांनी खासबागेत कुस्ती मारली तेव्हा डोक्याला बांधलेला गुलाबी पटका. त्यातला बराचसा उंदरांनी खाल्ला होता, पण मान शिल्लक होता. इलाही टेलरच्या लालबीनं हिरव्या साटिनीचा तुकडा दिला. तिच्या निकाहाचे कपडे सासऱ्यांनी, मीरासाबनी, स्वतःच्या हातानं शिवले होते, त्यातला तो उरलेला. म्हातारबाबा गेले, तुकडा राहिला.

सोमवारी वाकळ जुळली. जुन्या लुगड्याचं अस्तर, वर तुकडे, आडवे-उभे टाके. तीन दिवस हातात होते. अंबूबाईंनी ती मोठ्या दिमाखात कट्ट्यावर पसरली.

तानाबाई आल्या. वाकळ बघायचं सोडून त्या आपला तुकडा शोधायला लागल्या. सापडला.

"अंबूबाई, हिचं उसं कुठल्या बाजूला?"

"त्या फुलांच्या."

"म्हंजे आमच्या मालकांचा पटका पायताला?"

"अवो, तीन म्हैन्याचं पोर. त्याचं पाय तितवर पोचत सुदिक न्हाईत."

"आज न्हाय, उद्या पोचतील की. हजारो मानसांदेखत डोस्क्याला बांधलेला पटका, त्याला टाचा लागणार? तुकडा उसवा नि परत द्या माझा."

अंबूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दिलाय तळहाताएवढा तुकडा, आणि बोलतेय अशी की जणू एकरभर रान लिहून दिलंय. पण बाळाच्या पांघरुणातला तुकडा परत जाऊ देणं बरं नव्हे. गिळला राग. वाकळ सरळ उलटी फिरवली आणि पायताचं उसं करून टाकलं. झालं की नाही काम? एक टाकासुद्धा उसवावा लागला नाही.

संध्याकाळी लालबी आली. फिरवलेल्या वाकळेत तिची साटीन आता पायताला आली होती. तिनं ती बघितली, बोटानं जरा कुरवाळली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे अंबूबाई. छान झालीया." आणि डोळ्याला पदर लावून निघून गेली.

भांडली असती तर परवडलं असतं. भांडणाऱ्या बाईला उत्तर देता येतं. ही गुपचूप रडून गेली, आता काय करायचं? अंबूबाईंना त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

मंगळवारी त्यांनी पटका आणि साटीन दोन्ही उसवले आणि शेजारीशेजारी मधोमध लावले. ना उसं, ना पायतं. दुपारपर्यंत ही बातमी तानाबाईंच्या घरी पोचली आणि खुद्द हंबीरराव काठी टेकत आले. मागं निम्मी गल्ली.

"अंबूबाई, वाकळंच्या मदी पोराचं काय येतंय?"

अंबूबाई वाकळेच्या मधोमध बघायला लागल्या.

"मी सांगतो. बूड येतंय. आनि तीन म्हैन्याच्या पोराचं बूड दिसभर काय करतंय?"

कुणीतरी फिसकन हसलं. हंबीररावांनी वळून बघितल्यावर हसणारा खोकायला लागला. लालबीचा चेहरा पुन्हा पडला. आणि आता बाकीच्या नऊ घरांनाही आपापले तुकडे आठवले. कुणाच्या सासूच्या पैठणीचा काठ कडेला पडला होता, कुणाच्या लेकाचं टेरिलीन अस्तराकडं दुमडलं होतं. गल्लीत कुणाचीच पायताला जायची तयारी नव्हती.

अंबूबाई घरात आल्या आणि नवऱ्यावर बरसल्या. "मानसं हाईत का कोन? ह्यांच्या चिंध्यांना मी पाट मांडायचा काय?"

आकाराम जकात नाक्यावर कामाला होते. दिवसभर लोकांची भांडणं ऐकून आलेला माणूस. चहाची बशी तोंडाला लावत ते म्हणाले, "सगळ्यांचीच उशाला लाव की मग."

ते थट्टेनं बोलले होते. पण अंबूबाई थट्टा समजायच्या मनःस्थितीत होत्या का? नव्हत्या. त्यांनी सगळी वाकळ उसवली आणि अकराच्या अकरा तुकडे उशाला एका ओळीत लावले. एकाच ओळीत, कारण खालच्या ओळीत कोण जाणार? वाकळेची रुंदी दारातनं मावेना. मग रुंदीच्या मानानं लांबी नको? लांबीला कापड कुठलं? आपल्याच घरचं. अंबूबाईंची दोन लुगडी गेली, एक धोतर गेलं, चादर गेली.

गुरुवारी सकाळी आकाराम ट्रंकेत डोकं घालून उभे होते.

"माझा कामावरचा सदरा कुठं हाय?"

"पायताला."

"आनि दुसरा?"

"त्येच्या शेजारी."

आकाराम त्या दिवशी बनियनवर कोट घालून नाक्यावर गेले. अंबूबाईंची बोटं सुईनं चाळणीसारखी झाली होती. शालू म्हणाली, "आई, बास कर आता." पण त्यांनी शेवटचा टाका घातला तेव्हाच मान वर केली. वाकळ झाली होती. जाजमाएवढी झाली होती, पण झाली होती.

शुक्रवारी पहिल्या यष्टीनं बयाबाई आल्या. गल्ली जमली. बाळाला निरोप द्यायला म्हणे. एकाचीही नजर बाळाकडं नव्हती, सगळ्यांना उशाची ओळ बघायची होती. चौघींनी धरून वाकळ पसरली.

"ही एका पोराची, का वऱ्हाडाची?" बयाबाई म्हणाल्या. मग खाली बसून त्यांनी टाक्यांवरनं हात फिरवला. बराच वेळ फिरवला. "टाका मातूर बारीक हाय हं, इनबाई. असं काम आता बगायला मिळत न्हाय."

अंबूबाईंचे डोळे भरून आले. सगळ्या आठवड्याच्या कष्टाचं चीज झालं.

बयाबाई सरकत सरकत पायताला पोचल्या. "हितं हे सदऱ्याचं कापूड कुणाचं?"

"आमच्याच घरचं हाय. म्हनून पायताला लावलंय."

"अवो, मानाची जागा तुमीच घेतली की!" बयाबाई हसल्या. "थंडी पायातनं चढती. आमच्यात थोरल्या मानसाचं कापूड पायताला लावत्यात. त्येनं पोराचं पाय धरून ठेवायचं. मंग पोर घरात टिकतंय." त्यांनी पिशवीतनं आपल्या मालकांच्या धोतराचा तुकडा काढला. "ह्योबी तितंच लावा. मदोमद."

तानाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. हंबीररावांनी घसा खाकरला.

"अंबूबाई, आमचा पटका उशाला कुणी लावा म्हनलं हुतं?"

"तुमी," अंबूबाई म्हणाल्या.

"मी मदी लावू नगा म्हनलं. पायताला नगं, असं माझ्या तोंडातनं कवा आलं?"

"मी बाई सुरवातीलाच म्हनलं हुतं, ऱ्हाऊ दे," लालबी हळूच म्हणाली.

मागनं कुणीतरी टेरिलीनचं नाव काढलं. कुणी सासूच्या पैठणीचं. बयाबाईंनी धोतराच्या तुकड्यावर हात ठेवून सांगितलं, की मध्ये म्हणजे बरोबर मध्ये, इकडं नाही आणि तिकडं नाही. बाळ रडायला लागलं. परतीची यष्टी सुटायला दीड तास होता.

अंबूबाईंनी एकदा वाकळेकडं बघितलं, एकदा आपल्या बोटांकडं. मग कात्री घेऊन त्या मांडी घालून पायताशी बसल्या आणि कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "इनबाई, वाकळ झाली न्हाय अजून. फुडल्या शुक्रवारी या."