सासूबाईंचे दोन व्हॉल्व्ह

"या वर्षी सान रोक्कोच्या जत्रेत माझ्या गिटारवर गाव नाचलं नाही, तर नाव बदलीन!" नाझारेनोने जाहीर केलं.

त्या वेळी त्याच्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली सेकोंदो खाटकाचा गळा होता. मोंतेरोव्हेल्लो गावात नाझारेनोच्या मताला आजवर कुणी विरोध केला नव्हता, त्याचं कारण हेच. गावातले झाडून सगळे पुरुष त्याच्याकडे दाढीला यायचे आणि मान वर करून त्याचं म्हणणं मुकाट्याने ऐकून घ्यायचे. सेकोंदो तर त्याच्याच बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्याने जपून "हं" म्हटलं.

दुर्दैवाने नेमकी त्याच वेळी ओर्नेल्ला, म्हणजे नाझारेनोची बायको, दुकानात आली. तिच्या मानेवर वस्तरा नव्हता.

"नाव राहू दे," ती म्हणाली. "तुझं नाव बदलून मला काय मिळणार? मागची खोली रिकामी कर."

"कुठली मागची खोली?"

"आपल्याला काय दहा आहेत?"

दुकानामागची ती उत्तरेकडची खोली भर ऑगस्टमध्येही थंडगार असायची. घरातल्या सगळ्या टोमॅटोंचा रस उकळून बाटल्यांत भरायचा आणि वर्षभर टिकवायचा, तर अशी जागा गावात शोधून सापडली नसती. पण तिथे नाझारेनोच्या गिटारी राहत होत्या. साठच्या दशकात पोरांना अकॉर्डियनचा कंटाळा आला, तेव्हा त्या भागातल्या अकॉर्डियनच्या कारखान्यांनी रातोरात इलेक्ट्रिक गिटारी करायला घेतल्या, आणि गोदामात उरलेला अकॉर्डियनचा चकचकीत प्लॅस्टिकचा पत्रा त्यांनाच चिकटवून टाकला. त्यामुळे त्या गिटारी दिसायला अर्ध्या नवरीसारख्या आणि अर्ध्या न्हाणीघरातल्या फरशीसारख्या होत्या. नाझारेनोची लाडकी होती ती लाल चमकीची. तिला सहा बटणं होती, सहा वेगवेगळ्या आवाजांची. त्यातली पाच दाबल्यावर एकच आवाज यायचा आणि सहावं दाबल्यावर आवाज बंद व्हायचा. पण नाझारेनोला ते फरक ऐकू यायचे. प्रेम म्हणतात ते हेच.

आणि तिथेच होता त्याचा अ‍ॅम्प्लिफायर, व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांचा. एवढा मोठा, की दोघांनी उचलायचा आणि तिसऱ्याने शिव्या द्यायच्या.

"व्हॉल्व्हच्या आवाजाला ऊब असते, ओर्नेल्ला," नाझारेनो तिला लग्नापासून समजावत होता.

"मग त्यावर टोमॅटो उकळता येतील का ते बघ," ती म्हणायची.

सेकोंदोच्या साक्षीने पैज ठरली. जत्रेच्या संध्याकाळी नाझारेनोच्या बँडला अर्धा तास मिळणार होता. त्या अर्ध्या तासात चौकात एक जरी जोडपं नाचलं, तर खोली कायमची गिटारींची. नाही नाचलं, तर गिटारी माळ्यावर आणि खोलीत बाटल्या. माळ्यावर उन्हाळ्यात पत्रा तापून मांजरसुद्धा जात नसे. जुन्या लाकडाचं तिथे काय होईल, या विचाराने नाझारेनोला त्या रात्री जेवण गेलं नाही.

कारण बढाई एकीकडे आणि गाव एकीकडे. मोंतेरोव्हेल्लो नाचायचं ते फक्त वॉल्ट्झवर, माझुर्कावर आणि पोल्कावर, तेही तार्चीझियोच्या अकॉर्डियनवर. हा तार्चीझियो जत्रा समितीचा अध्यक्षही होता, त्यामुळे त्याने स्वतःला अख्खी रात्र दिली होती आणि नाझारेनोला लोक खात असतानाचा अर्धा तास. तरुणपणी याच बँडने याच चौकात एकदा वाजवलं होतं. तेव्हा लोकांनी हातातलं डुकराचं भाजकं मांस खात, रस्त्यावरचा अपघात बघावा तसं त्यांच्याकडे बघितलं होतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी नाझारेनोने अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. त्याने घुं केलं, मग घुर्र केलं, मग आतला एक व्हॉल्व्ह भाजलेल्या मिरचीसारखा लालबुंद झाला आणि विझला. खोलीभर जळका वास सुटला.

"गेला," सेकोंदोने टोपी काढली.

"दुसरा आणू. जोडीच आणू. एक गेला की दुसऱ्याचाही जीव लागत नाही."

"आणू कुठून? ऑगस्टची मधली सुट्टी आहे, बाबा. या आठवड्यात इटलीत मेलेल्या माणसालासुद्धा थांबायला सांगतात."

नाझारेनो पुढे दुकानात येऊन खुर्चीत बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता, आणि तिथे बसल्यावर माणसाला सगळं पटायला लागतं हे त्याला कळलं. खोली गेलीच, असं त्यालाही पटू लागलं. तेवढ्यात तो ताडकन उठला. असेच दोन व्हॉल्व्ह गावात आणखी एका ठिकाणी होते. सासूबाईंच्या रेडिओत!

सासूबाईंचं नाव आर्जेन्तिना. नाव देशाचं होतं आणि कारभारही. त्यांच्या स्वयंपाकघरात लाकडी कपाटाएवढा जुना रेडिओ होता आणि रोज संध्याकाळी त्यावर 'रेडिओ कोलीना'चा फर्माइशीचा कार्यक्रम लागायचा. हिने नवऱ्याच्या वाढदिवसासाठी वॉल्ट्झ मागायचा, तिने नणंदेच्या ऑपरेशनसाठी पोल्का. त्या वेळात आर्जेन्तिनाबाई कुणाशी बोलत नसत. एकदा शेजारच्या धुराड्याला आग लागली, तेव्हाही त्यांनी माझुर्का संपू दिली होती. पण आज जत्रा होती. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर त्यांची उशी सकाळपासूनच ठेवलेली होती. म्हणजे आज रेडिओ कोण ऐकणार?

नाझारेनो गेला तेव्हा त्या ऑलिव्हमध्ये खिमा भरत होत्या. रेडिओ चालू होता.

"सासूबाई, तुमच्या रेडिओत धूळ फार झालीय. जरा पुसून देतो."

आर्जेन्तिनाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "लग्नाला एवढी वर्षं झाली, आजच कशी आठवण आली?"

"सणासुदीचा दिवस आहे."

"मग पूस. आणि ऐक, आज मी जरा—"

पुढचं नाझारेनोला ऐकू आलं नाही. त्याने रेडिओ बंद केला होता, मागची फळी काढली होती, फडक्यात धरून दोन्ही व्हॉल्व्ह उपटले होते, त्यांच्या जागी स्वतःचे मेलेले बसवले होते आणि चोरीचा माल पँटच्या खिशात टाकला होता. आता चालू रेडिओतून काढलेला व्हॉल्व्ह म्हणजे निखारा. हे गावात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, पण घाईत माणूस स्वतःचं ज्ञान घरी विसरतो. मांडीला चटका बसला तसा तो एका पायावर उडाला, मग दुसऱ्या.

"हे काय, नाचतोयस का?" आर्जेन्तिनाबाई म्हणाल्या.

"सराव, सासूबाई, सराव," असं म्हणत नाझारेनो उड्या मारत जिना उतरला.

संध्याकाळी चौक भरला. अ‍ॅम्प्लिफायर नवे व्हॉल्व्ह लावून असा उजळला होता की नाझारेनोला भरून आलं. त्याने लाल गिटार गळ्यात घातली. लांबलचक वायर जोडली आणि समोर बघितलं. पहिल्या रांगेत ओर्नेल्ला बसली होती. मांडीवर पर्स, पर्समधून मोजपट्टीचं टोक बाहेर. ती दुपारी खोलीत जाऊन फळ्यांची मापं घेऊन आली होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर उशी होती. उशीवर आर्जेन्तिनाबाई नव्हत्या.

"तुझी आई कुठाय?" नाझारेनोने स्टेजवरूनच विचारलं.

"घरी. म्हणाली, रेडिओवर काहीतरी ऐकायचंय, मग येते. तुला सांगितलं नाही का तिने?"

सासूबाईंचं सकाळचं अर्धवट राहिलेलं वाक्य नाझारेनोला आता आठवलं. पण सेकोंदोने काठ्या आपटल्या होत्या, आता माघार नव्हती. पहिलं गाणं झालं. लोकांनी खाल्लं. दुसरं गाणं झालं. स्टेजपुढे झोपलेलं कुत्रं उठून चर्चच्या मागे जाऊन झोपलं. ओर्नेल्लाने मोजपट्टी काढली आणि हवेतच काहीतरी मोजलं. तिकडे आर्जेन्तिनाबाई मेलेल्या रेडिओचे कान पिळत असणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. एकाच संध्याकाळी खोली जाणार आणि सासूही बिथरणार. तिसऱ्या गाण्याला त्याने जिवावर उदार होऊन आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिरगाळलं आणि गिटारची सहाच्या सहा बटणं एकदम दाबली.

अ‍ॅम्प्लिफायर खाकरला. मग अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा गोड बाईच्या आवाजात म्हणाला, "...आणि पुढची फर्माइश, खालच्या वेशीजवळच्या रीताकडून, तिच्या सासऱ्यांच्या नव्या दातांसाठी. वॉल्ट्झ!"

आणि वॉल्ट्झ सुरू झाला. भरदार, उबदार, चार-चार अकॉर्डियनचा.

नाझारेनोने दचकून तारांवरचा हात काढला. वॉल्ट्झ गेला. हात ठेवला. वॉल्ट्झ आला. रेडिओ कोलीनाचा मनोरा गावाच्या मागेच, कब्रस्तानाच्या टेकडीवर होता. लांब वायर, जुनी गिटार आणि घामेजलेला नाझारेनो यांची मिळून झकास एरियल तयार झाली होती. टेकडीकडे तोंड करून, अंगठा तारांवर घट्ट दाबून उभं राहिलं की आवाज खणखणीत. जरा हललं की खरखर.

"हा काय प्रकार आहे?" सेकोंदो पुटपुटला.

"वाजव. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आणि मला हसवू नकोस, मी हललो की संपलं."

सेकोंदोने ठेका धरला. लोकांनी खाणं थांबवलं. आधी रीताचे सासरे नव्या दातांसकट उठले. मग दुसरं जोडपं, मग दहावं. चौकातल्या खुर्च्या मागे सरकवल्या गेल्या. खुद्द तार्चीझियो अध्यक्ष, आपला नंबर नंतर आहे हे विसरून, समोर दिसलेल्या पहिल्या बाईचा हात धरून गिरक्या घेऊ लागला. नाझारेनो डाव्या हाताची बोटं नुसती खालीवर करत, टेकडीकडे बघत, संतासारखा निश्चल उभा होता. संत रोक्कोच्या मूर्तीकडेही त्या संध्याकाळी कुणी एवढ्या भक्तीने बघितलं नसेल. त्याला आनंदाने रडावंसं वाटत होतं, पण हलता येत नव्हतं.

एवढ्यात गर्दी दुभंगली. आर्जेन्तिनाबाई आल्या. अ‍ॅप्रन तसाच, पायात घरातल्या सपाता, हातात मेलेला व्हॉल्व्ह.

"नाझारेनो!" त्या गरजल्या. "माझा रेडिओ मुका केलास? आज? आजच्या दिवशी?"

वॉल्ट्झ संपला होता. नाझारेनोचा अंगठा भीतीने तारांवर जो चिकटला तो चिकटलाच, आणि अ‍ॅम्प्लिफायरमधली बाई निवांतपणे बोलू लागली.

"आता खास फर्माइश. मोंतेरोव्हेल्लोच्या आर्जेन्तिनाबाई कळवतात, की आज त्यांच्या जावयाचा जत्रेत कार्यक्रम आहे. जावई मनाने चांगला आहे. गिटारीचं सोडलं तर वाईट सवय नाही. त्याच्या वाजवण्यावर कुणी नाचणार नाही, हे बाईंना ठाऊक आहे. म्हणून निदान ही माझुर्का त्याच्या नावाने कुणीतरी नाचावी."

आर्जेन्तिनाबाई जागच्या जागी थबकल्या. त्यांचं नाव आजवर त्यांच्या स्वयंपाकघरापलीकडे गेलं नव्हतं. आज ते चर्चच्या भिंतीवर आपटून, चौकभर फिरून परत आलं होतं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी व्हॉल्व्ह अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला आणि केस नीट केले.

"हलू नकोस, मूर्खा," त्या जावयाला म्हणाल्या. "माझुर्का चाललीय." आणि रीताच्या सासऱ्यांसमोर हात पुढे केला.

अर्धा तास संपला तेव्हा लोक "आणखी, आणखी!" ओरडत होते. ओर्नेल्ला घाम पुसत स्टेजजवळ आली.

"हे काही खरं नाही. नाचले ते रेडिओवर."

"पैज नाचण्याची होती. कशावर, ते ठरलं नव्हतं," नाझारेनो म्हणाला. "सेकोंदोला विचार."

"हं," सेकोंदो म्हणाला. या वेळी त्याच्या मानेवर काही नव्हतं.

"आणि जोडप्यांचंच म्हणत असशील," नाझारेनोने आवाज खाली आणला, "तर तार्चीझियोने हात धरला ती पहिली बाई कोण होती?"

ओर्नेल्ला लाजली. मग तिने मोजपट्टी गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि चारचौघांत त्याच्या गालाचा मुका घेतला. नाझारेनोने खोली जिंकली, गाव नाचवलं, आणि नाव बदलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात प्रत्येक गळ्याला ही हकिगत सविस्तर सांगण्यात आली.

त्या संध्याकाळी तो सासूबाईंचे व्हॉल्व्ह परत करायला गेला. आर्जेन्तिनाबाईंनी ते हातात घेऊन पाहिले आणि परत दिले.

"रेडिओत नकोत. तुझ्या त्या पेटाऱ्यात आवाज भरदार येतो. उबदार. तोच आण इकडे."

आता अ‍ॅम्प्लिफायर सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आहे. मागच्या खोलीत तो हलल्यावर जेवढी जागा मोकळी झाली, ती ओर्नेल्लाच्या फळ्यांना तंतोतंत पुरली, आणि आता तिथे टोमॅटोच्या बाटल्या आहेत. पण गिटारी खोलीतच आहेत, हे नाझारेनो आवर्जून सांगतो. म्हणजे लाल चमकीची सोडून सगळ्या. आपला रोज संध्याकाळी कार्यक्रम असतो, असंही तो सांगतो, आणि ते खोटं नाही. फर्माइशीची वेळ झाली की तो गिटार गळ्यात घालून सासूबाईंच्या खिडकीशी, कब्रस्तानाच्या टेकडीकडे तोंड करून, अंगठा तारांवर दाबून उभा राहतो.

"नाझारेनो," आर्जेन्तिनाबाई ऑलिव्ह भरता भरता म्हणतात, "जरा डावीकडे सरक. खरखर येतेय."