द्वारकाबाईंचा रस्सा आणि जांबूशेठचे शेंगोळे

नीट मांडी घालून बसा, बाळांनो. ज्यांना भूक लागली असेल त्यांनी आधी खाऊन या. गोष्ट खाण्याची आहे, मध्येच कुणी रडलेलं मला चालणार नाही.

एका जंगलात एक साळिंदराचं जोडपं राहत होतं. जंगल फार जुनं होतं. इतकं जुनं, की तिथल्या प्राण्यांनी एकमेकांना खाणं केव्हाच सोडून दिलं होतं. ते आता खाणावळीत जेवत.

साळिंदरीणबाईंचं नाव द्वारकाबाई. त्यांच्या यजमानांचं नाव मुकुंदराव. मुलं मोठी होऊन पलीकडच्या जंगलात नोकरीला गेली होती. मुकुंदराव कंद तपासणीच्या कचेरीत होते. इतर प्राणी कंद उकरत आणि मुकुंदराव त्यांच्याकडे बघत. दिवसभर बघून ते दमून घरी येत.

ओढ्याच्या काठी जांबूशेठ नावाच्या अस्वलाची खाणावळ होती. वर पाटी होती, ‘येथे घरच्यासारखे जेवण मिळेल.’ जंगलातले सगळे प्राणी बाजारच्या दिवशी घरचं जेवण झाकून ठेवत आणि घरच्यासारखं जेवायला तिथे जात. तिथला सुरणाचा काळा रस्सा नामांकित होता. मुकुंदराव तो दोन वाट्या पीत आणि तिसरी भाताबरोबर घेत.

मग ते घरी येत. दुसऱ्या दिवशी पानावर बसत. आमटीकडे बघत. आणि एक उसासा सोडत.

“काय झालं?” द्वारकाबाई विचारत.

“कुठे काय? जेवतोय ना.”

बाळांनो, तक्रार करणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं. उसासे सोडणाऱ्याशी भांडता येत नाही. त्याच्यासाठी काहीतरी रांधावं लागतं.

द्वारकाबाईंनी ठरवलं, तो काळा रस्सा आपण घरी करायचा.

त्या काळी जंगलात प्रत्येकाजवळ एक चकचकीत पान असे. त्या पानावर बोट फिरवलं की कावेरीताई दिसत. कावेरीताई कावळीण होत्या. कावळ्यांच्या सात पिढ्यांत कुणी चूल पेटवली नव्हती. पण त्यांनी सगळ्यांच्या घरचं खाल्लं होतं, म्हणून त्या पाककृती सांगत. ‘अस्सल खाणावळीसारखा काळा रस्सा, घरच्या घरी, अगदी झटपट!’ असं म्हणून त्यांनी मान तिरकी केली की जंगलातल्या बायका कामं सोडून बघत बसत.

द्वारकाबाईंनी बघितलं. कांदा निखाऱ्यात भाजला. खोबरं काळं होईपर्यंत परतलं. दगडफूल आणलं. ते आणायला त्यांना कड्यावर चढावं लागलं, कारण बाजारातलं सगळं दगडफूल इतर बायकांनी आधीच नेलं होतं.

रस्सा झाला. काळा झाला. फक्त सुरणाला आमसूल लावायचं असतं, हे सांगायला कावेरीताई विसरल्या होत्या. द्वारकाबाई माहेरी सुरण नेहमी आमसूल लावूनच करत. पण ताईंनी सांगितलं नाही, म्हणजे खाणावळीत लावत नसतील, असं त्यांना वाटलं. जंगलातल्या सगळ्याच बायकांना तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जंगलात कुणालाच बोलता येईना. सगळ्यांचे घसे खवखवत होते. कोल्हे ओरडले नाहीत. माकडं भांडली नाहीत. सिंहाच्या दरबारातले सगळे ठराव विनाविरोध मंजूर झाले. जुनी जाणती मंडळी अजूनही त्या दिवसाची आठवण काढतात.

कावेरीताईंनी लगेच नवीन कृती सांगितली. ‘घसा खवखवतोय? करून पाहा हा सोपा घरगुती उपाय.’ तीही सगळ्यांनी बघितली.

द्वारकाबाईंनी हार मानली नाही. त्यांनी आमसूल लावून रस्सा केला. मग लोखंडी कढईत केला. मग ओढ्याचं पाणी आणून केला, कारण जांबूशेठ ओढ्याचंच पाणी वापरत. मुकुंदराव दर वेळी एक घोट घेत, डोळे मिटत, जीभ टाळूला लावत.

“छान झालाय,” ते म्हणत. “पण तसा नाही.”

“तसा म्हणजे कसा?”

“ते सांगता येत नाही गं. तसा.”

“तिखट कमी पडलंय?”

“तिखट बरोबर आहे.”

“मग मीठ?”

“मिठाचं काही नाही. तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस? मी काही म्हटलं का?”

आणि ते उसासा सोडत.

शेवटी द्वारकाबाई थेट जांबूशेठकडेच गेल्या. दुपारची वेळ होती. गिऱ्हाइकं गेली होती. जांबूशेठ बाकावर बसून पायाला तेल लावत होते. द्वारकाबाईंनी पदर सारखा केला आणि सगळं सांगितलं.

जांबूशेठ दांडगे होते, पण मनाने सरळ होते. “बाई, यात लपवण्यासारखं काय आहे?” ते म्हणाले. त्यांनी सगळी कृती सांगितली. द्वारकाबाई ऐकत राहिल्या. त्या अगदी तेच सगळं करत होत्या.

“मग माझा तसा का होत नाही?”

“होत नसेल असं मला तरी वाटत नाही,” जांबूशेठ म्हणाले. त्यांनी चुलीवरचं मोठं पातेलं खाली घेतलं, एका लहान तपेलीत रस्सा ओतला आणि तपेली द्वारकाबाईंच्या हातात दिली. “हा घेऊन जा. आज घरी काही करू नका. हाच वाढा.”

द्वारकाबाईंनी तो रस्सा घरी आणून आपल्या वाटीत वाढला. आपल्या पितळी वाटीत, आपल्या पाटाजवळ. मुकुंदरावांनी घोट घेतला. डोळे मिटले. जीभ टाळूला लावली.

“आज पुष्कळ जवळ आलीस,” ते म्हणाले. “पण जांबूशेठचा तो जांबूशेठचा. एवढ्यात जमायचं नाही.”

बाळांनो, आपल्या अंगावर काटा येतो तेव्हा दिसतो एवढासा. साळिंदराच्या अंगावर येतो तेव्हा घरातली भांडी पडतात. त्या संध्याकाळी द्वारकाबाईंच्या घरात दोन पराती आणि एक गडवा पडला. मुकुंदरावांनी विचारलं, “मांजर आलं होतं का?” द्वारकाबाई म्हणाल्या, “हो.”

दुसऱ्या दिवशी मुकुंदराव कचेरीत गेले. द्वारकाबाईंनी लोखंडी कढई माळ्यावर टाकली. चकचकीत पान पीठ चाळायच्या चाळणीखाली पालथं घातलं. आणि त्यांना एकदम शेंगोळे खावेसे वाटले.

शेंगोळे हा त्यांच्या माहेरचा पदार्थ. माहेर दूर डोंगरावर होतं. तिथे कुळथाचं पीठ लसूण, मिरची, जिरं घालून घट्ट मळत. हाताला तेल लावून त्याच्या बोटाएवढ्या वळ्या करत, गोल वळवत आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडत. डोंगरावर थंडी फार. आई गरम शेंगोळे वाढायची आणि वर कच्चं तेल सोडायची. लग्न झाल्यावर द्वारकाबाईंनी पहिल्याच आठवड्यात मोठ्या हौसेने सासरी शेंगोळे केले होते. मुकुंदरावांनी ताटलीत बघून विचारलं होतं, “उंदरांच्या शेपट्या शिजवल्यास का?” सगळी पंगत हसली होती. द्वारकाबाईही हसल्या होत्या. नव्या सुनेला हसावंच लागतं. त्यानंतर घरी कुणी नसलं, तरच त्या शेंगोळे करत.

त्या चुलीपाशी एकट्याच खात बसल्या होत्या, तेवढ्यात जांबूशेठ दारात आले. त्यांना तपेली परत हवी होती. पण ते तपेली विसरले आणि नाक वर करून उभे राहिले. अस्वलाचं नाक, बाळांनो, फार प्रामाणिक असतं.

“हे काय शिजलंय?”

“काही नाही हो. आपलं असंच. तुम्हाला आवडायचं नाही.”

“थोडं वाढा तरी.”

द्वारकाबाईंनी ओशाळून वाढलं. जांबूशेठ उकिडवे बसले. त्यांनी एक शेंगोळा खाल्ला. मग सगळी ताटली रिकामी केली. मग ते पातेल्याकडे बघू लागले, म्हणून द्वारकाबाईंनी उरलेले सगळेच वाढले.

“बाई,” ते शेवटी म्हणाले, “रोज तोच रस्सा ढवळून माझा जीव विटलाय. लोक खातात म्हणून मी करतो. घरी मी दूधभात खातो. हे मात्र मी रोज खाईन. हे खाणावळीत ठेवू या?”

“हे कोण खाणार?”

“पाटीवर तुमचं नाव लिहितो.”

द्वारकाबाईंनी जरा विचार केला. “मग नक्कीच कोणी खाणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचंच नाव लिहा.”

तसं ठरलं. पण जांबूशेठचे पंजे होते जाड. त्यांनी वळलेले शेंगोळे पाटा-वरवंट्यासारखे दिसू लागले. म्हणून द्वारकाबाई दुपारी खाणावळीच्या मागच्या खोलीत बसून शेंगोळे वळू लागल्या. जांबूशेठ त्यांचा वाटा न मागता देत. बाहेर नवीन पाटी लागली, ‘जांबूशेठचे खास डोंगरी शेंगोळे. संपल्यास तक्रार करू नये.’

ते रोज संपू लागले आणि लोक रोज तक्रार करू लागले. हरणं रांगेत उभी राहिली. तरस आपल्या सासूला घेऊन आला. कावेरीताईंनी ‘खाणावळीसारखे डोंगरी शेंगोळे, घरच्या घरी’ अशी कृती सांगितली. तीत कुळीथ नव्हता.

बाजारच्या दिवशी मुकुंदराव आले.

मागच्या खोलीला कुडाची भिंत होती. द्वारकाबाईंना नवऱ्याची चाहूल पावलांवरून कळली. त्यांचा हात थांबला. पंगतीतल्या हशाचा तो आवाज, इतक्या वर्षांचा, त्यांच्या कानात वाजला. आता ते शेपट्यांबद्दल बोलणार, आणि सगळी खाणावळ हसणार.

बाहेरून नुसते भुरके ऐकू आले.

मग मुकुंदराव शेजारच्या सशाला म्हणाले, “काय चव आहे हो! असला पदार्थ मी जन्मात खाल्ला नव्हता.”

“घरी करत नाहीत का तुमच्याकडे?” सशाने विचारलं.

“छे! आमची मंडळी बिचारी खटपट करतात. पण हाताला चव लागते, ती उपजत असावी लागते.” मग त्यांनी हाक मारली, “अहो जांबूशेठ, हे कुणी केलंय? त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतंय.”

जांबूशेठ आत आले. त्यांचे कान लाल झाले होते. “बाई, ते तुमच्या पायावर डोकं ठेवायचं म्हणतायत,” ते कुजबुजले. “घेऊन येऊ का त्यांना आत?”

द्वारकाबाई पिठाच्या गोळ्याकडे बघत राहिल्या. काटे उभे राहतील असं त्यांना वाटलं होतं. पण एकही राहिला नाही. डोळे मात्र भरून आले. लसणामुळे असेल.

“नको,” त्या म्हणाल्या.

“का?”

“माझ्या आईच्या हातचं त्यांना आज पहिल्यांदा आवडलंय. आत आणलंत, तर त्यांना आठवेल की आवडत नव्हतं. खाऊ दे पोटभर. अजून वाढा.”

जांबूशेठनी अजून वाढलं.

संध्याकाळी मुकुंदराव घरी आले ते गाणं गुणगुणतच. “अगं, शेंगोळे म्हणून एक पदार्थ असतो,” ते म्हणाले. “तुला ठाऊक नसेल. घरी करून बघ ना एकदा.”

द्वारकाबाईंनी केले. त्याच पिठाचे, त्याच हाताने. मुकुंदरावांनी डोळे मिटले, जीभ टाळूला लावली आणि फार मायेने बायकोकडे बघितलं.

“प्रयत्न चांगला आहे,” ते म्हणाले. “असं कर, तू जांबूशेठकडे शिकायलाच जा. लाजू नकोस. मी शब्द टाकतो.”

“रोज जावं लागेल,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“जा की.”

“यायला उशीर होईल.”

“मी भात टाकेन. त्यात काय मोठंसं?”

मुकुंदरावांनी खरोखरच शब्द टाकला. जांबूशेठनी गंभीर चेहऱ्याने तो झेलला. ते म्हणाले, “बाईंना वेळ लागेल, पण शिकवतो.”

तेव्हापासून द्वारकाबाई दुपारचं झाकपाक करून खाणावळीत जातात. संध्याकाळपुरते शेंगोळे वळतात. मग बाहेर येऊन खिडकीजवळच्या बाकावर पाय पसरून बसतात. जांबूशेठ त्यांना गरम गरम रस्सा वाढतात. त्यात त्या चूक काढतात. शेठ मान डोलावतात आणि पुन्हा वाढतात. ओढ्यावरून वारा येतो. अंधार पडायच्या सुमारास त्या घरी जातात, तेव्हा मुकुंदरावांचा भात झालेला असतो. सुरुवातीला खाली लागायचा, आता मोकळा होतो.

मुकुंदराव जंगलभर अभिमानाने सांगतात, “आमची मंडळी शिकतायत. मी त्यांना सांगितलंय, घाई करू नका. कला आहे ती, सावकाश येते.”

द्वारकाबाई नवऱ्याचा शब्द मोडत नाहीत. त्यांनी अजिबात घाई केलेली नाही.

तात्पर्य : आपल्या अंगी एखादी कला असेल, तर ती घरात कुणाला कळू देऊ नये. एकदा कळली, की ती रोज दोन्ही वेळा करावी लागते.