अध्यक्षांचा पाहणी दौरा

नीलमोहर सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत यंदा एका मोटरसायकलचे इंजिन अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आले.

इंजिन भरत मगदूमचे. सांगलीतल्या या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, भरतच्या हॉलमधल्या चौरंगावर ते आठ महिने मुक्कामाला होते. भरतच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची, सदुसष्ट सालची मोटरसायकल खाली पार्किंगमध्ये नुसत्या सांगाड्यावर उभी होती, आणि भरत तिचे इंजिन घरी उघडून, झिजलेला एकेक भाग बदलून पुन्हा जुळवत होता. सभेच्या दिवशी तो कार्बोरेटर आणायला कोल्हापूरला गेला होता. सभा भरली त्याच्याच हॉलमध्ये, कारण घरी अप्पा होते आणि अप्पांना कुणाला नाही म्हणता येत नाही.

एरवी या संस्थेत जो सभेला येत नाही त्यालाच अध्यक्ष करतात. पण मागच्या वेळचे गैरहजर अध्यक्ष निवडीची बातमी ऐकून फ्लॅट विकूनच गेले. म्हणून यंदा समोर असलेल्यांतूनच निवडायचे ठरले. सचिव कुंभोजकरांनी एकेकाचे नाव पुकारले आणि प्रत्येकाने हरकत घेतली. कुणाची शुगर वाढली होती, कुणाच्या मुलीचे लग्न ठरत होते. हरकत घेतली नाही ती फक्त इंजिनाने.

"अप्पा, तुम्ही तरी काहीतरी बोलायचं की!" भरत संध्याकाळी म्हणाला.

"बोललो की. अनुमोदन मीच दिलं. चांगलं इंजिन आहे."

भरतने कपाळावर हात मारला. येत्या रविवारी अप्पा धारवाडला मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते. तिचे घर तळमजल्यावर होते आणि अप्पांचे गुडघे आता तीन जिन्यांना दाद देत नव्हते. त्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याला अप्पांच्या मागे बसून नदीकाठच्या हरिपूरला जायचे होते. लहानपणी दर रविवारी तो असाच जायचा, अप्पांच्या पाठीला गाल लावून, चिंचांच्या सावलीतून. त्यासाठी त्याने आठ महिने बोटांची सालटी काढून घेतली होती, आणि आता हे.

"शुक्रवारी इंजिन खाली नेऊन बसवतोय," त्याने कुंभोजकरांना सांगितले.

"नेता येणार नाही."

"अहो, माझं इंजिन आहे!"

"होतं, मगदूमसाहेब. आता ते पदावर आहे. पदावरच्या माणसाला गाडीला जुंपता येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये माणसांची रीघ लागली. लोक अर्ज आणून इंजिनाखाली सरकवत आणि सोफ्यावर बसून वाट बघत. अर्जावर ऑइलचा थेंब पडला की मंजूर. संध्याकाळपर्यंत नाही पडला की नामंजूर. कुणी तक्रार केली नाही, कारण याआधीच्या अध्यक्षांनी इतका वेळ कुणाचे ऐकूनच घेतले नव्हते. पाण्याच्या टाकीवरून दोन वर्षे न बोलणारी दोन घरे इंजिनासमोर पाऊण तास भांडली आणि समेट करून चहा पिऊन गेली. चहा भरतच्या घरचा.

ते ऑइल गळणे हीच भरतची खरी डोकेदुखी होती. खालचा बोल्ट त्याने नवा वॉशर घालून आवळायला घेतला, तेवढ्यात कुंभोजकर धावत आले.

"काय करताय? अध्यक्षांची सही बंद करताय?"

पाना खाली ठेवावा लागला. मग भरतने डोके चालवले. त्याने इंजिनाच्या वतीने, तब्येतीच्या कारणाने, राजीनामा टाइप केला आणि चौरंगावर सरकवला. तीन दिवस त्यावर थेंब पडला नाही. त्याच तीन दिवसांत शेजारी ठेवलेला चौगुलेकाकूंच्या कुंड्यांचा अर्ज मात्र दोनदा मंजूर झाला.

"राजीनामा द्यायची त्यांची इच्छा दिसत नाही," कुंभोजकर म्हणाले.

शनिवारी अप्पांची बॅग भरून झाली. भरत बॅगेकडे बघत बसला होता. समोर कुंभोजकर अर्जांची चळत लावत होते.

"कुंभोजकर, अध्यक्षानं कधी बाहेर पडायचंच नाही का ओ?" अप्पांनी विचारले.

"पडता येतं की. पाहणी दौऱ्यावर."

"मग पाणी आपण नदीचंच पितो. नदी बघायला नको?"

कुंभोजकरांनी नियमांची वही चाळली. संस्थेच्या हिताच्या कोणत्याही स्थळाची पाहणी अध्यक्षांना करता येत होती. वाहन कोणते असावे याबद्दल नियम गप्प होते.

रविवारी सकाळी चौघांनी इंजिन पोत्यात बांधून, बांबूला टांगून खाली आणले. पुढे कुंभोजकर "बाजूला व्हा, अध्यक्ष येताहेत" म्हणत चालले होते. मागून अप्पा कठडा धरून एकेक पायरी उतरले. इंजिन चेसीत बसले, पण मागचा बोल्ट भोकात जाईना. "पुढचा सैल कर, मग मागचा आपोआप जाईल," अप्पा म्हणाले, आणि तसेच झाले. भरतने चेन चढवली, क्लचची केबल जोडली, पेट्रोल सोडले आणि किक मारली. पाचव्या किकला इंजिन बोलले. पायऱ्यांवर बसलेले सगळे सभासद उठून उभे राहिले.

अप्पा पुढे बसले. हँडलवर हात ठेवताच त्यांची पाठ ताठ झाली. भरतने मागच्या सीटवर टांग टाकली.

"उतरा," कुंभोजकर म्हणाले. "दौऱ्यात अध्यक्षांबरोबर सचिव लागतो. इतिवृत्त कोण लिहिणार?"

"अहो, आठ महिने मी..."

"सीट दोघांचीच आहे, मगदूमसाहेब."

भरतने अप्पांकडे बघितले. अप्पांना इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हते. ते हसत होते. इतके हसताना भरतने त्यांना आई गेल्यापासून बघितले नव्हते. तो उतरला. कुंभोजकर वही काखेत मारून बसले आणि त्यांनी अप्पांना घट्ट धरले.

गाडी फाटकातून बाहेर पडली. भरत रस्त्यावर उभा राहून ऐकत राहिला. कोपऱ्यावर दुसरा गिअर पडला. पुढे चढ संपताच अप्पांनी तिसरा टाकला, पूर्वी टाकायचे अगदी तिथेच. मग आवाज हरिपूरच्या रस्त्याला लागून बारीक होत गेला.

"अध्यक्ष नाहीत, मग आज अर्ज कुणाकडे द्यायचे?" मागे कुणीतरी विचारले. "मगदूमांकडे द्यायचे? कुणाची हरकत?"

भरतला बोलायचे होते, पण आवाज अजून जरासा ऐकू येत होता आणि तो चुकवायचा नव्हता. चौगुलेकाकूंनी आपला कपडे वाळत घालण्याच्या दोरीचा अर्ज त्याच्या हाताखाली धरला. त्याच्या करंगळीवरून ऑइलचा एक थेंब ओघळला आणि बरोबर कागदाच्या मधोमध पडला.

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या आणि कागदाची घडी घालून दोरी बांधायला गेल्या.